अडत, पट्टी आणि ॲपच्या दुकानाचे शुल्क : एक शब्दार्थचिकित्सा

भ्रमणध्वनीवरील ॲपची दुकाने ज्या दोन मोठ्या कंपन्यांच्या हाती आहेत, त्या विक्रीच्या रकमेतून जो वाटा कापून घेतात तो न्याय्य आहे की नाही, हा वाद गेली काही वर्षे निरनिराळ्या देशांच्या न्यायालयांत व नियामक मंडळांपुढे चालू आहे. विषय वस्तुतः अर्थशास्त्राचा व विधिशास्त्राचा. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने त्यात का पडावे, अशी शंका या पत्रिकेच्या वाचकास येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर इतकेच की, दोन्ही पक्षांची निवेदने वाचताना प्रस्तुत लेखकास वारंवार असे जाणवले की, हे पक्ष ज्या शब्दांनी भांडत आहेत ते शब्दच मुळी कोणी नीट पारखून घेतलेले नाहीत. ‘स्टोअर’, ‘प्लॅटफॉर्म’, ‘कमिशन’ आणि ‘फी’ या चार शब्दांवर हा सारा डोलारा उभा आहे, आणि चारही शब्द ज्या गोष्टीला लावले आहेत तिला ते नीटसे बसत नाहीत.

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील बाजारपेठांच्या शब्दसंपत्तीची टिपणे करण्याचे काम आम्ही विद्यार्थ्यांसह काही वर्षे करीत आलो आहो. सांगलीचा हळदीचा व बेदाण्याचा बाजार, तासगावचे बेदाण्याचे सौदे, साताऱ्याकडे कऱ्हाड आणि लोणंद येथील बाजार, अशा ठिकाणी बसून शब्द गोळा करणे हे काम वाटते तितके सुखाचे नाही. लिलाव चालू असता मध्येच थांबवून एखाद्या शब्दाचा अर्थ विचारणाऱ्या माणसाकडे बाजार कोणत्या नजरेने पाहतो, ते तेथे गेल्याखेरीज कळावयाचे नाही. तरी या टिपणांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. शेतकऱ्याचा माल विकला गेल्यावर त्या रकमेतून कोणाला काय जाते, हे सांगण्यासाठी या बाजारांत एक शब्द नसून शब्दांचा एक लहानसा संसारच आहे. माल उतरविणाऱ्याची हमाली, वजन करणाऱ्याची तोलाई, वाहनातून माल खालीवर करण्याबद्दलची वाराई, घट धरून वजनात केलेली वजावट म्हणजे कडता, आधी घेतलेल्या पैशाची उचल, आणि विकून देणाऱ्याची अडत. या सर्वांची नोंद ज्या कागदावर होते ती पट्टी. पूर्वी यांत धर्मादायाच्या नावाने कापलेला पैसाही असे, आणि तो कोणत्या धर्माला जातो हे विचारण्याची सोय नसे.

अडत या शब्दाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. याचे नाते हिंदीतील ‘आढत’शी उघड आहे. परंतु आमच्या टिपणांत शेतकऱ्यांच्या तोंडून आलेला खुलासा निराळाच आहे : जो अडवतो तो अडत्या. ही लोकव्युत्पत्ती होय, शास्त्रदृष्ट्या ती टिकणार नाही. पण लोकव्युत्पत्ती चुकीची असली तरी निरर्थक नसते. आपल्या मालाच्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये कोणी तरी उभा आहे आणि त्याला वगळून पुढे जाता येत नाही, हा अनुभव त्या चुकीच्या व्युत्पत्तीत साठविलेला आहे. याच्या उलट ‘दलाल’ हा शब्द पाहावा. अरबीत त्याचे मूळ वाट दाखविण्याच्या अर्थाचे आहे. मराठीत येऊन रुळल्यावर त्याची काय अवस्था झाली ते सांगावयास नकोच. वाट दाखविणारा वाट अडविणारा केव्हा होतो, हाच या लेखाचा एका अर्थाने विषय आहे.

आता ॲपच्या दुकानाकडे वळू. ॲपल कंपनीने आपले दुकान जुलै २००८ मध्ये उघडले, तेव्हा त्यात सुमारे ५०० ॲप होती. विक्रीच्या दर शंभर रुपयांतील ७० ॲप करणाऱ्याचे व ३० दुकानाचे, असा दर तेव्हा ठरला. त्याच वर्षी ऑक्टोबरात गूगलचे दुकान निघाले आणि पुढे त्यातही हाच दर आला. २०२१ मध्ये दोन्ही कंपन्यांनी ढोबळ मानाने वर्षास दहा लक्ष डॉलरपर्यंतच्या विक्रीसाठी दर १५ वर आणला. अलीकडे काही देशांत, काही बाबतींत, तो आणखी हलू लागला आहे. परंतु ३० हा आकडा ज्या हिशेबाने आला तो हिशेब कोणापुढे मांडला गेला नाही, आणि दहा-बारा वर्षे तो आकडा जणू निसर्गनियम असावा तसा उभा राहिला.

येथे दुकानदारांची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. २००८ पूर्वी संगणकावरील कार्यक्रम डब्यात भरून, वितरकाच्या हाती देऊन, दुकानाच्या फळीवर ठेवावे लागत. त्या काळाच्या मानाने ७० टक्के पदरात पडणे हा लाभच होता, आणि तेव्हा ॲप करणाऱ्यांनी त्याचे स्वागत केले होते. कऱ्हाडच्या एखाद्या मुलाने घरी बसून तयार केलेली वस्तू एका दिवसात जगभर पोचते, पैसे निरनिराळ्या चलनांत गोळा होतात, लबाड ॲप काही प्रमाणात तरी गाळली जातात, हे काम फुकट होत नाही. शिवाय बहुसंख्य ॲप विनामूल्य आहेत, आणि नोंदणीची रक्कम सोडता त्यांच्याकडून दुकान काही घेत नाही. जो कोणी ‘ही निव्वळ लूट आहे’ असे म्हणून थांबतो त्याने ही बाजू वाचलेली नसते. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप दराच्या मोठेपणाशी प्रथमतः नाहीच. तो या गोष्टीशी आहे की दर कशाबद्दल आहे ते कळू दिले जात नाही. हमाली, तोलाई, अडत, पेवाचे भाडे आणि जकात या पाच गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या असता त्या शब्दाचा दर न्याय्य की अन्याय्य, हे कोणाला सांगता येईल?

या कोंबाकोंबीचा एक पुरावा खुद्द गूगलनेच आपल्या हाताने दिला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑक्टोबर २०२२ रोजी, पैसे घेण्यासाठी आपलीच व्यवस्था वापरण्याची सक्ती केल्याबद्दल, त्या कंपनीस ९३६.४४ कोटी रुपये दंड केला. (मार्च २०२५ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो २१६.६९ कोटींवर आणला.) त्यानंतर भारतात ॲपवाल्यांना ग्राहकापुढे दुसऱ्या कोणाची पैसे घेण्याची व्यवस्था ठेवण्याची मुभा मिळाली, आणि ग्राहकाने ती निवडल्यास दुकानाचा दर शेकडा चार अंशांनी कमी केला गेला, म्हणजे ३० चे २६ आणि १५ चे ११. साधी वजाबाकी आहे. पैसे गोळा करण्याच्या कामाची किंमत खुद्द दुकानदाराच्या लेखी चार. मग ते काम दुसऱ्याने केल्यावरही उरणारे २६ किंवा ११ कशाचे? सांगलीच्या पट्टीत हा प्रश्न उद्भवतच नाही. तोलाई दुसऱ्याने केली तर तोलाईचे कलम निघते आणि बाकीची कलमे आपापल्या नावाने जागच्या जागी राहतात. येथे चार गेले आणि उरलेल्याला नावच नाही.

याहून विचित्र गोष्ट पुढेच आहे. सांगलीच्या एखाद्या व्यापाऱ्याने आपल्या ॲपवरून हळद विकली, तर त्या विक्रीवर दुकान एक पैही घेत नाही. कारण प्रत्यक्ष वस्तू व प्रत्यक्ष सेवा या शुल्कातून वगळलेल्या आहेत. त्याच व्यापाऱ्याने हळदीच्या लागवडीवर एक पुस्तिका लिहून ती त्याच ॲपमध्ये वाचावयास विकली, तर १५ किंवा ३० द्यावे लागतात. ॲप तेच, तपासणी तीच, गिऱ्हाईक तेच, पोचविण्याचा खर्चही जवळजवळ तोच. शुल्क जर दुकानाच्या सेवेबद्दल असते तर ते दोन्हींवर सारखे पडावयास हवे होते. वस्तूच्या जातीवरून जे बदलते आणि सेवेवरून बदलत नाही त्याला मराठीत जुना शब्द आहे : जकात. नाक्यावर बैलाच्या पाठीवरील गोणीत काय आहे ते पाहून आकार ठरे. रस्ता तोच असे. हा फरक केवळ शब्दाचा नव्हे. जकात घेणारा आपण सेवा करतो असे म्हणत नसे. तो आपण राज्य करतो असे म्हणत असे, आणि म्हणूनच त्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे राजाकडे नेता येत असे.

दुकानांच्या नावांचा इतिहासही बोलका आहे. गूगलच्या दुकानाचे मूळ नाव ‘अँड्रॉइड मार्केट’ असे होते. मार्च २०१२ मध्ये ते बदलून ‘गूगल प्ले’ झाले. बाजाराचा खेळ झाला. बाजार म्हटला की त्याला नियम आले, देखरेख आली, गाऱ्हाणे ऐकणारे कोणी आले. आपल्याकडे १८८६ मध्ये कारंजाला कापसाचा नियंत्रित बाजार झाल्यापासून ही कल्पना रुजली आहे. खेळाला नियम असतात, पण ते खेळ मांडणाऱ्याचे. हे नामांतर करणाऱ्यांच्या मनात असा काही हेतू होता असे सुचवावयाचे नाही. शब्द बदलला की त्याच्याबरोबर येणाऱ्या अपेक्षाही बदलतात, एवढेच.

‘प्लॅटफॉर्म’ला मराठी वृत्तपत्रे ‘मंच’ म्हणतात, क्वचित ‘व्यासपीठ’. हे भाषांतर फसवे आहे. मंचावर उभा राहणारा बोलतो, आणि मंच बांधणारा त्याच्या बोलण्यात वाटा मागत नाही. त्याच इंग्रजी शब्दाचे खेडोपाडी झालेले रूप ‘फलाट’ हे अर्थाच्या दृष्टीने कितीतरी जवळचे होते. फलाटावर जाण्यास तिकीट लागते, फलाट एकाच्या मालकीचा असतो, गाडी तेथेच थांबते, आणि फलाटावर काय विकावे व कोणी विकावे हे मालक ठरवितो. आमच्या भाषेने हा शब्द आधीच पचवून ठेवला असता तो सोडून ‘मंच’ घेण्याची बुद्धी अनुवादकांना का झाली, हे कळत नाही. कदाचित फलाट हा शब्द त्यांना पुरेसा प्रतिष्ठित वाटला नसावा.

पेठ वसविण्याची मराठी रीत या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे. मराठेशाहीत नवी पेठ वसवावयाची असता वसविणाऱ्यास कौल दिला जाई; येऊन राहणाऱ्या उदमी लोकांना काही वर्षे करांची माफी असे; आणि पेठ नांदती झाली की शेटे-महाजनांना तेथे वंशपरंपरा हक्क मिळत. साताऱ्यातील वारांच्या नावांच्या पेठांतून हिंडताना या व्यवस्थेची आठवण होते. पेठ वसविणाऱ्याने धोका पत्करलेला असतो, जंगलाची वस्ती केलेली असते; त्याला काही मिळू नये असे कोणी म्हणणार नाही. आजची ॲप-दुकाने हीच रीत नकळत गिरवीत आहेत. फोनपे या भारतीय कंपनीने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘इंडस ॲपस्टोअर’ नावाचे नवे दुकान उघडले. ते मराठीसह बारा भारतीय भाषांत चालते. ॲप मांडण्याचे शुल्क पहिले वर्षभर माफ, आणि पैसे घेण्यासाठी स्वतःची व्यवस्था वापरल्यास कमिशन नाही, असे तेव्हा जाहीर झाले. हा कौलच होय. कौलाची मुदत संपल्यावर काय होते, हे पेठांच्या इतिहासात लिहिलेले आहे. मात्र जुन्या पेठेत आणि आजच्या दुकानात एक भेद आहे, आणि तो निर्णायक आहे. साताऱ्याची पेठ महाग पडली तर उदमी कऱ्हाडास जाऊ शके. ॲपलच्या फोनवर बहुतेक देशांत दुसरी पेठच नाही. अँड्रॉइडच्या फोनवर दुसरी पेठ बसविता येते. पण पहिली पेठ फोनच्या पेटीतूनच येते आणि दुसरीकडे जाणाऱ्याला वाटेत धोक्याच्या पाट्या वाचाव्या लागतात.

‘ॲपवाल्यांनी करार वाचून, मान्य करून सही केली आहे, आता तक्रार कशी?’ असा एक युक्तिवाद वारंवार केला जातो. सातारा जिल्ह्याला या युक्तिवादाची जुनी ओळख आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांची खते व वह्या जाळण्यात आल्या, आणि दंग्यांचे ते लोण इतरत्र पसरले. चौकशी आयोग बसला. त्यातून १८७९ चा दख्खनमधील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा निघाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. या कायद्याचा विशेष असा की, न्यायाधीशाने खतावरील निशाणीपाशी थांबू नये, त्या व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, असे त्याला सांगण्यात आले. ‘निशाणी नांगर’ काढणाऱ्या कुणब्याने काय मान्य केले, यापेक्षा त्याला नाही म्हणण्याची वाट होती काय, हे महत्त्वाचे ठरले. आजचा ‘मान्य आहे’ हा चौकोन म्हणजे निशाणी नांगरच. हे साम्य फार ताणू नये, हे खरे. विवाह जुळविणारी मोठी कंपनी आणि १८७० च्या दशकातील कर्जबाजारी कुणबी यांना एका मापाने मोजणे हास्यास्पद होईल. तिला वकील आहेत, भांडवल आहे. तरीही १ मार्च २०२४ रोजी, मद्रास उच्च न्यायालयात व सर्वोच्च न्यायालयात तात्पुरता दिलासा न मिळाल्यानंतर, गूगलने दहा भारतीय कंपन्यांची ॲप शुल्क न भरल्यावरून दुकानातून काढली, तेव्हा त्या कंपन्यांना काही दिवसांत केंद्रीय मंत्र्यांच्या मध्यस्थीनेच परत यावे लागले. ज्याला वकील परवडतात त्याची ही कथा. ज्याला परवडत नाहीत त्याच्याविषयी पुढे लिहिले आहे.

अडतीच्या इतिहासाकडे पाहून ‘आपल्याकडे सर्व कसे चोख होते’ असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. उचल देऊन बांधून ठेवलेला शेतकरी दुसऱ्या अडत्याकडे जाऊ शकत नव्हता, हे याच बाजारांचे वास्तव आहे. राज्याचा कृषी उत्पन्न पणन अधिनियम १९६३ चा. त्याने परवाने, दप्तर, पट्टी, उघड लिलाव या गोष्टी कायद्यात आणल्या. पण अडत कोणी द्यावी हा प्रश्न त्यानंतरही पन्नास वर्षे लोंबकळत राहिला. २०१४ च्या डिसेंबरात पणन संचालकांनी शेतकऱ्याकडून अडत घेऊ नये असा आदेश काढला आणि तो लगोलग स्थगित झाला. जुलै २०१६ मध्ये शासनाने फळे व भाजीपाला यांवरील अडत खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. अडत कागदावर कोणाच्या नावे पडते आणि भावात कोणाच्या अंगावर येते, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. ॲपच्या बाबतीतही तेच. परंतु हा भांडणाचा इतिहास आहे म्हणूनच पट्टी हा कागद आज आहे. ती कोणाच्या औदार्यातून आलेली नाही.

आता या लेखातील मुख्य मुद्द्याकडे यावयाचे. आपल्याकडील जुन्या बाजारांत रुमालाखालचा सौदा होई. अडत्या आणि खरेदीदार कापडाखाली हात घालून बोटे दाबून भाव ठरवीत. शेतकरी शेजारी उभा असे. त्याच्याच मालाचा भाव त्याच्या डोळ्यांदेखत ठरे आणि त्याला ऐकू येत नसे. या खुणांच्या भाषेला मराठीत करपल्लवी असे मोठे सुंदर नाव आहे, आणि डोळ्यांच्या खुणांना नेत्रपल्लवी. सुंदर नावाखाली कुरूप व्यवहार चालू शकतो, याचे इतके चांगले उदाहरण विरळाच. नियंत्रित बाजारांनी जे काही चांगले केले त्यात उघड लिलावाचा क्रम पहिला लावावा लागेल. अडतीचा दर तेव्हा फारसा खाली आला नसेल. पण भाव मोठ्याने उच्चारला जाऊ लागला. न्यायाची सुरुवात दरापासून होत नाही, उच्चारापासून होते, असे आमच्या विषयाच्या अभिमानाने म्हटले तर वाचकाने ते क्षम्य मानावे.

ॲपच्या दुकानांनी हा रुमाल पुन्हा पसरला आहे. त्यांच्या करारांत अनेक वर्षे असे कलम होते की, हीच वस्तू बाहेर स्वस्त मिळते असे ॲप करणाऱ्याने आपल्या ॲपमध्ये ग्राहकास सांगू नये. तसा दुवाही देऊ नये. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये संगीताच्या ॲपबाबत ॲपलला १.८ अब्ज युरोहून अधिक दंड केला तो याच मनाईसाठी. आणि तेथे संगीत विकणाऱ्या दुसऱ्या कंपनीस गप्प बसविणारा दुकानदार स्वतःही संगीत विकत होता. अडत्याने आपल्याकडे आलेल्या मालाचा स्वतःच खरेदीदार किंवा प्रतिस्पर्धी होऊ नये, हा बाजारातील दंडक मोडणाराला सांगलीत काय म्हणतात ते आमच्या टिपणांत आहे, छापण्यासारखे नाही. अमेरिकेत एपिक कंपनीने १३ ऑगस्ट २०२० रोजी लावलेल्या दाव्यात १० सप्टेंबर २०२१ चा निकाल बहुतांशी ॲपलच्या बाजूने लागला. पण बोलण्यावरील मनाई तेवढी न्यायालयाने काढण्यास सांगितली. निकाल कायम झाल्यावर जानेवारी २०२४ मध्ये ॲपलने काय केले? बाहेरच्या दुव्याची मुभा दिली, आणि त्या दुव्यावरून होणाऱ्या विक्रीवर २७ टक्के लावले. जीभ मोकळी केली आणि जिभेवर कर बसविला. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायाधीशांनी हे आदेशाचे हेतुपुरस्सर उल्लंघन ठरविले.

भारतीय स्पर्धा आयोगाच्या २०२२ च्या आदेशातही ही मनाई करू नये असे कलम आहे. परंतु आदेशाचा व त्यावरील चर्चेचा सारा भर पैसे घेण्याच्या व्यवस्थेवर, म्हणजे पट्टीतील त्या चार टक्क्यांच्या कलमावर, राहिला. वृत्तपत्रांनी दंडाचा आकडा छापला. बोलण्याच्या मुभेचे कलम बहुतेकांनी गाळले. दराच्या न्याय्यतेची स्वतंत्र चौकशी करण्याचा आदेश आयोगाने मार्च २०२४ मध्ये दिला, हे योग्यच झाले. मात्र चौकशी करणारे जर ३० योग्य की १५ योग्य एवढेच मोजणार असतील, तर ते रुमालाखालची बोटे मोजीत बसतील, आणि रुमाल तसाच राहील. प्रस्तुत लेखकाच्या मते आधी दोन गोष्टी मागितल्या पाहिजेत : एक, दुकानाने दर विक्रीची पट्टी द्यावी, तीत तपासणी, साठवण, पैशाची वसुली, गिऱ्हाईक मिळवून दिल्याबद्दलची अडत ही कलमे वेगळी असावी, आणि ज्याला नाव देता येत नाही ते कलम घेऊ नये, दुसरी, विक्रेत्याने आपल्या गिऱ्हाइकास भाव सांगण्यावर कोणतीही मनाई, सरळ वा आडवळणाची, असू नये. या दोन गोष्टी झाल्यावर दर कदाचित ३० चा ३० राहील. तरी तो निराळा ३० असेल.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने मोडी लिपी शिकविणारे ॲप तयार केले आहे. तो कऱ्हाड तालुक्यातला. जुनी घराणी, देवस्थाने आणि वकील यांच्याकडे पडलेल्या दप्तरांमुळे या भागात मोडी शिकू इच्छिणारे लोक अजून आहेत. पण वर्गाला येणे सर्वांना जमत नाही. पूर्ण पाठमालेची किंमत त्याने तीनशे रुपये ठेवली. दुकानाचा वाटा १५ टक्के, म्हणजे पंचेचाळीस. शेवटच्या पानावर त्याने एक ओळ लिहिली होती : ‘हेच पाठ आमच्याकडून थेट घेतल्यास दोनशे साठ रुपयांस मिळतील.’ ॲप नाकारले गेले. दुकानाकडून आलेले पत्र इंग्रजीत होते, त्यात कलमाचा क्रमांक होता आणि लिहिणाऱ्याचे नाव नव्हते. त्याने दोनदा खुलासा मागितला. दोन्ही वेळा तेच पत्र, तोच क्रमांक. तो ते पत्र घेऊन विभागात आला, तेव्हा प्रस्तुत लेखकाने शिक्षकी सवयीने प्रथम ते वाक्य तपासले. साधे संकेतार्थी वाक्य आहे. व्याकरण शुद्ध, विधान खरे, कोणाची निंदा नाही.

‘सर, पंचेचाळीस रुपयांचे मला काही नाही,’ तो म्हणाला. ‘पण माझा बाप सांगलीला हळद घेऊन जायचा, तो निदान गिऱ्हाइकाशी बोलू तरी शकायचा.’ त्याचे वडील हरिपूरच्या पेवांत हळद ठेवीत असत. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची ती जमिनीतील कोठारे, ज्यांतली बरीच २००५ च्या पुरात निकामी झाली. पेवाचे भाडे, हमाली, अडत यांच्या पट्ट्या त्याच्या घरी अजून एका तारेला ओवून ठेवलेल्या आहेत. त्यातल्या काहींवर वडिलांनी पेन्सिलीने ‘जास्त’ असे लिहिले आहे. पट्टीवर ‘जास्त’ लिहिता येते, कारण काय जास्त ते तिच्यावर असते.

ती ओळ त्याने काढली आणि ॲप मंजूर झाले. आता ते नीट चालले आहे. शेवटच्या पानावर त्या ओळीच्या जागी मोडीतील हस्ताक्षराचा एक नमुना चित्ररूपाने दिला आहे, ‘वाचून पाहा’ एवढ्या सूचनेसह. पूर्ण पाठमाला शिकलेल्यास तो सहज वाचता येतो. तपासणाऱ्यांना अद्याप वाचता आलेला दिसत नाही. तीत काय लिहिले आहे ते येथे छापणे इष्ट नव्हे.